एकडोळ्या

भिंगरीच्या आईला दुकानात सगळे ‘घार’ म्हणत, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं.

दुकान तीन मजली. कपडे, भांडी, चादरी, सुटकेसा, खेळणी, म्हणाल ते. तिची जागा मात्र तळमजल्याच्या पार मागे, खिडकी नसलेल्या खोलीत, भिंतभर लावलेल्या कॅमेऱ्यांच्या पडद्यांसमोर. कोण काय उचलतंय, कोण उचललेलं परत ठेवतंय आणि कोण नुसतं ठेवल्यासारखं करतंय, हे बघत बसायचं. शेजारच्या खुर्चीतले दादा निवृत्तीला टेकले होते. ते पडद्यांपेक्षा आपल्या डब्याकडे जास्त लक्ष ठेवत. पण कामाचा पहिला धडा तिला त्यांनीच दिला होता. “तोंडाकडे बघायचं नाही. तोंडाला सवय असते. हात बघायचे.”

तिने तो धडा इतका मनावर घेतला की घरी नवरा फडताळ उघडून उभा राहिला तरी तिची नजर आधी त्याच्या हातांवर जायची. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, स्वभावाने निवांत. “माझ्याच घरातलं बिस्किट आहे, बाई,” तो म्हणायचा. “पावती दाखवू का?”

भिंगरी चार वर्षांची. आधीच्या पाळणाघरात ती फार शहाणी मुलगी होती. म्हणजे तिथल्या बाई तसं म्हणायच्या. “सोनं आहे सोनं. ठेवली तिथे बसते.” तिथे सकाळपासून टीव्ही चालू असायचा आणि सगळं सोनं त्याच्यासमोर ओळीने मांडलेलं असायचं. घरी आली की भिंगरी जाहिरातींमधून बोलायची. दूध दिलं की म्हणायची, “आता अधिक दाट!” आंघोळ झाली की, “दिवसभर ताजेपणा!” बाकी काही विचारलं तर गप्प. आईला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. ती स्वतःही दिवसभर पडद्यासमोर गप्पच बसायची की.

मग त्या बाई मुलीकडे राहायला गेल्या, आणि शोधता शोधता काकूंचं घर सापडलं.

दोन खोल्या. पुढच्या खोलीत चपलांची फळी, दप्तरांसाठी खुंट्या, बसायला बाक. मधे जाड हिरवा पडदा आणि त्याच्या पलीकडे मुलांची खोली. काकू चांगल्या अंगापिंडाच्या, केस कसेबसे बांधलेले, आणि बोलणं असं की समोरच्याला कळू नये ही बाई चिडलीये की चेष्टा करतेय.

“टीव्ही दिसत नाही तो,” भिंगरीची आई म्हणाली.

“दुरुस्तीला गेलाय.”

“कधी?”

“मागच्या वेळी घराला रंग दिला ना, त्याच्या आधी.”

“मग मुलं करतात काय?”

“खेळतात.”

“दिवसभर?”

“तुम्ही दिवसभर काय करता?”

“काम.”

“मग तेच करतात.”

थोडं बसल्यावर काकूंनी जरा उलगडून सांगितलं. टीव्ही होता तेव्हा मुलं गप्प असायची. मुलं गप्प झाली की काकूंचा डोळा लागायचा, आणि त्यांचा डोळा लागला की कुणीतरी कडी काढून रस्त्यावर. टीव्ही बिघडला तेव्हा आधी मुलं रडली, मग काकू रडल्या. मग एकाने खुर्ची आडवी पाडली, तिच्यात बसला आणि ओरडला, “चला, गाडी सुटतेय!” काकूंनी नुसतं विचारलं, “कुठे?” “तेव्हापासून ती सुटलीच आहे. मी काही शिकवत नाही हो. चादरी देते, दोऱ्या देते, आणि ‘मग?’ म्हणते. तेवढंच माझं काम.”

निघताना त्यांनी घराचा नियम सांगितला. पडद्याच्या आत उभं राहून बघायचं नाही. “कुणी बघायला लागलं की पोरं खेळायची थांबतात आणि करून दाखवायला लागतात. यायचं तर खुशाल आत या. पण आलं की काहीतरी व्हावं लागतं. मागे मीटर बघायला माणूस आला, त्याचा घोडा केला यांनी. वैरण खाल्ल्यावरच सोडला बिचाऱ्याला.”

भिंगरीची आई हसली. पण मनात एक खूणगाठ बांधूनच घरी गेली. बघू नका म्हणणाऱ्या माणसाकडे बघण्यासारखं काहीतरी असतं, हा तिचा अंदाज आजवर कधी चुकला नव्हता.

पुढच्या काही दिवसांत ती गाठ चांगली घट्ट झाली.

“आज काय केलं गं?” संध्याकाळी स्कूटरवर तिने विचारलं.

“विहिरीत होते,” मागून भिंगरी म्हणाली.

“कुठल्या विहिरीत?”

“काकूंच्या.”

“काकूंकडे विहीर आहे?”

“आत्ता नाहीये.”

दुसऱ्या दिवशी कळलं की गोटूला पुरलं होतं. गोटू म्हणजे तिथला एक वाटोळा मुलगा, भिंगरीचा नवा जिवलग. कोणी पुरलं? सगळ्यांनी. काकूंनी पाय धरले. मग? मग तो उगवला. पण आधी त्याला पानं फुटली.

घरी टीव्ही लावला तर भिंगरी बघेना. जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसायची आणि कुणाशी तरी कुजबुजत राहायची. आईने वाकून बघितलं की चिडीचूप.

“कोणाशी बोलतेस?”

“सांगायचं नाही.”

आई तिथेच फरशीवर बसली. लहान मुलाच्या तोंडी हे शब्द आले की सावध व्हावं, असं दवाखान्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत सगळीकडे लिहिलेलं असतं. “कोण म्हणालं सांगायचं नाही?”

“अजून संपलं नाहीये ना! मधेच सांगितलं तर मोडतं.”

जेवताना तिने नवऱ्याकडे विषय काढला. तो शांतपणे जेवत राहिला. “तुला काहीच वाटत नाही?” तिने विचारलं.

“वाटतं ना. लिफ्टमधे अडकलेली माणसं कशी हाका मारतात ते मला पक्कं माहीत आहे. ही तशी वाटत नाही. उलट पोरगी बोलायला लागलीये. आधी माल विकायची.”

“तुला प्रत्येक गोष्ट सोपी वाटते.”

“आणि तुला प्रत्येक गोष्ट चोरलेली वाटते.”

यावर ती दोन दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलली. आणि मग भिंगरीच्या मनगटावर वळ दिसला. पुसट, पण दोरीचाच. ती तडक काकूंपुढे उभी राहिली.

“बोटीचा दोर तो,” काकू म्हणाल्या.

“कुठल्या बोटीचा?”

“हिच्याच. हीच कप्तान होती. वादळ फार होतं, मग घेतलं बांधून स्वतःला. मी सैल कर म्हणाले तर म्हणते, काकू, तुम्हाला समुद्राचं काही कळत नाही.”

चेहऱ्यावरची रेष हलली नाही बाईच्या. इतक्या सरळ तोंडाने खोटं बोलणारी माणसं भिंगरीच्या आईने फार थोडी पाहिली होती, आणि ती सगळी पकडली गेली होती.

दुकानात जुने कॅमेरे काढून नवे बसवले होते. त्यातला एक जुना तिने मागून घेतला आणि पिशवीत घालून काकूंकडे गेली. “हा बसवू द्या. नाहीतर मला दुसरीकडे बघावं लागेल.” दुसरीकडे असं कुठेच नव्हतं, पण ते काकूंना कुठे माहीत होतं. काकूंनी कॅमेरा हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला.

“आवाज येतो याच्यातून?”

“नाही. जुना आहे. आवाज कशाला हवा? दिसतं ना सगळं.”

“सगळं,” काकू म्हणाल्या. त्यांनी कॅमेरा तिला परत दिला. मग म्हणाल्या, “बसवा. पण पोरांना सांगून. चोरून बघू देणार नाही मी.”

कॅमेरा दारावरच्या कोपऱ्यात बसला. मुलांना ओळीने उभं करून भिंगरीच्या आईने सांगितलं, इथून मला तुम्ही दिसणार बरं का. मुलांनी मान वर करून त्या काळ्या भिंगाकडे बघितलं. गोटूने विचारलं, “हा झोपतो कधी?” ती म्हणाली, “कधीच नाही.” तिला वाटलं, मुलांना धीर येईल.

आता दुकानातल्या पडद्यांच्या खाली तिचा मोबाईल उभा असायचा आणि त्यात काकूंची खोली. पहिले काही दिवस बरे गेले. मुलं येऊन कॅमेऱ्याला जीभ दाखवायची, नाच करायची, गोटू आपला हलणारा दात हलवून दाखवायचा. एकामागून एक. “बघा किती खूश आहेत,” ती म्हणाली. दादांनी घास चावत मोबाईलमध्ये डोकावलं. “हं. खूश आहेत खरी,” ते म्हणाले. “घरचंही दुकान केलंस म्हणायचं.”

मग नाच थांबले. खोली रिकामी दिसायला लागली.

म्हणजे मुलं असायची, पण चौकटीत नसायची. कडेला एखादी टाच दिसायची आणि चटकन आत ओढली जायची. मधूनच एक जण पोटावर सरपटत इकडून तिकडे जायचा, अंगावर चादर घेऊन. कॅमेऱ्याच्या थेट खाली, भिंतीलगत एक पट्टा होता, तो कॅमेऱ्याला दिसत नव्हता. मुलांनी तो शोधून काढला होता. बरं, मुलांचं एक वेळ सोडा. एकदा तिने काकूंना पाहिलं. एवढी थोरली बाई, पाठ भिंतीला घासत, पोट आत ओढून, टाचा उचलून त्या पट्ट्याकडे सरकत होती, आणि सरकताना डोळे वर, कॅमेऱ्याकडे.

कॅमेरा कुठवर बघतो हे ज्याने मोजून ठेवलंय, त्याला काहीतरी लपवायचं असतं. दुकानात अशा माणसाच्या मागे ती लगेच कुणालातरी पाठवायची. इथे कुणाला पाठवणार?

त्या दुपारी दादा डबा धुवायला गेले होते. मोबाईलमध्ये खोली नेहमीसारखी रिकामी. आणि मग भिंगरी एकटीच चालत मधोमध आली. गळ्यापासून पायापर्यंत पांढऱ्या चादरीत गुंडाळलेली, वरून दोरी, आणि दोरीचं टोक चौकटीबाहेर कुणाच्या तरी हातात. ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली आणि मान वर करून सरळ त्याच्यात बघायला लागली. हसत नव्हती. कडेने एक हात आला. नुसता हात, जाडजूड, काकूंचा. चिमटीत काहीतरी धरलेलं. ते त्याने भिंगरीच्या तोंडात घातलं. भिंगरीने गिळलं. जरा वेळ उभी राहिली. मग तिचे गुडघे वाकले, ती खाली बसली, आडवी झाली आणि हलायची थांबली.

हात निघून गेला. दुसऱ्या कडेला तीन लहान डोकी दिसली, तोंडं तळहातांत लपवलेली, खांदे गदागदा हलत होते.

तिने ते मागे घेऊन पुन्हा पाहिलं. पुन्हा ती चिमूट. अशी चिमूट रिकामी नसते, एवढ्या वर्षांत एकदाही रिकामी निघाली नव्हती. तिने काकूंना फोन लावला. कुणी उचलला नाही. मग तो तुकडा पाळणाघराच्या पालकांच्या गटावर टाकला आणि खाली लिहिलं, ‘हे काय आहे? मी निघाले आहे.’ दादा परत आले तेव्हा खुर्ची गोल फिरत होती आणि घार उडाली होती.

रस्त्यात नवऱ्याचा फोन आला. “मुलीला काहीतरी खायला घातलंय,” ती ओरडली.

“काय घातलंय?”

“ते दिसत नाहीये!”

“अगं, मग…” तो म्हणाला, तोवर तिने फोन खिशात कोंबला होता.

पुढची खोली ओलांडून तिने पडदा ओढला. भिंगरी तशीच जमिनीवर पडली होती. “भिंगरे!” तिने तिला उचललं, हलवलं, गालावर थापट्या मारल्या. काही नाही. मान मागे लटकली.

“काय दिलंत हिला?”

काकू भिंतीलगतच्या पट्ट्यात पाय लांब करून बसल्या होत्या. शेजारी तीन मुलं शेंगेतल्या दाण्यांसारखी चिकटून. काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. “आधी इकडे या. तिथे दिसताय तुम्ही.”

“काय दिलंत?”

“गोळी.”

“कसली गोळी?”

“दगड व्हायची.”

“तिने मागून घेतली,” गोटूने घाईघाईने सांगितलं. “आम्ही नको म्हणत होतो.”

“हात दाखवा,” भिंगरीची आई म्हणाली. काकूंनी दोन्ही तळवे उघडले. रिकामे. पण रिकामा हात म्हणजे माल पुढे गेलेला हात. तिने भिंगरीची हनुवटी धरून तोंड उघडायचा प्रयत्न केला. दात घट्ट आवळलेले. “दगडाचं तोंड उघडत नसतं,” नाक गळणारी एक चिमुरडी म्हणाली. भिंगरीच्या आईला आता रडू फुटलं. तिने पिशवीतली बाटली काढली आणि सगळं पाणी लेकीच्या तोंडावर ओतलं.

भिंगरीने डोळे उघडले नाहीत. पण तिने ते आणखी घट्ट मिटले.

आई थबकली. बेशुद्ध माणूस डोळे घट्ट मिटत नाही, ते नुसते मिटलेले असतात. तिने पहिल्यांदा नीट बघितलं, जसं कामावर बघायची तसं. नाकपुडी फुरफुरतेय. आणि चादरीच्या खालून बाहेर आलेला पायाचा अंगठा गोल गोल फिरतोय. भिंगरीला कशात तरी फार मजा येत असली की तो असाच फिरायचा, अगदी पाळण्यात होती तेव्हापासून.

पोरगी नाटक करत होती. आई एवढी ओरडली, रडली, बाटलीभर पाणी ओतलं, तरी पठ्ठी उठली नव्हती.

“उठ,” ती म्हणाली. “बास झालं. उठ म्हणते ना!”

“ती अशी उठायची नाही,” काकू वैतागून म्हणाल्या. “ती उठली तर हे तिघे गेले. विचारा यांना.”

गोटूने श्वास न घेता सांगितलं. वर तो एकडोळ्या आहे ना, तो कधीच झोपत नाही. त्याने बघितलं की आपण संपलो. पण त्याला डोळा एकच, म्हणून एका वेळी एकच माणूस नीट दिसतो. तर भिंगरी म्हणाली, मी त्याच्यासमोर उभी राहते, दगड होते, दगड तो खात नाही, त्याचं लक्ष माझ्याकडे असलं की तुम्ही पळा.

“मग पळाला का नाहीत?”

“तू आलीस ना मधेच!”

“आणि रडत का होतात?”

“रडत नव्हतो,” चिमुरडी म्हणाली. “हसू येत होतं. हसलं की त्याला कळतं.”

भिंगरीची आई ओल्या चादरीतल्या लेकीला मांडीवर घेऊन बसून राहिली. सुटल्यासारखं वाटत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्हीच्या खाली अजून तोच खडा टोचत होता. हे सगळं पढवलेलं नसेल कशावरून? मुलं सांगितलं तसं बोलतात. ती या बाईला ओळखत तरी किती होती? “मग हिला उठवायचं कसं?” तिने विचारलं.

गोटूने तिच्या हातात एक वाटी दिली. वाटी रिकामी होती. “यातलं पाणी घालायचं. तुझं खरं होतं. खरं चालत नाही.”

तेवढ्यात मागे पडदा सरकला. गोटूचे बाबा. दातांचे डॉक्टर होते ते, हातातले रबरी मोजेसुद्धा काढायचं सुचलं नव्हतं. “काय झालं? काय दिलंय मुलांना?” ते विचारत होते काकूंना, पण बघत होते भिंगरीच्या आईकडे. तुकडा तिने पाठवला होता. गटातल्या सगळ्यांना माहीत होतं, ही बाई दिवसभर हेच करते, हिची नजर चुकत नाही. आता ती म्हणेल ते खरं. तिने एक शब्द वाकडा काढला असता तर संध्याकाळपर्यंत खुंट्यांवरची दप्तरं उतरली असती. काकूंनाही ते कळलं होतं. भिंतीला टेकून बसलेल्या, आणि एक हात दुसऱ्या हाताने धरून ठेवलेला.

ते हात थरथरत होते. भिंगरीच्या आईने ते पाहिलं. थरथरणारे हात तिने खूप पाहिले होते, चोरांचे आणि चोर नसलेल्यांचेही, आणि ते सारखेच दिसतात. त्यावरून काही ठरत नाही. मग कशावरून ठरतं? तिने खाली बघितलं. अंगठा अजून फिरत होता. घाबरलेल्या माणसाचा पाय ताठ होतो. भीती तोंडावर लपवता येते, पायाला ते जमत नाही, आणि चार वर्षांच्या पायाला तर नाहीच नाही.

तिने वाटी लेकीच्या कपाळावर धरली आणि दातांच्या डॉक्टरांदेखत, शक्य तेवढी गंभीर राहून, तिरपी केली.

“अगं हळू,” दगड पुटपुटला. “नाकात जातंय.”

मुलं आनंदाने किंचाळली. गोटूचे बाबा पडदा धरून तसेच उभे. “तुम्हीच पाठवलं होतंत ना ते?”

“हो.”

“मग त्यात दिसतंय ते काय?”

“दिसतंय ते झालंय. मी त्याचं भलतंच काहीतरी केलं.”

“तुम्ही तर यातल्या जाणकार!”

“म्हणून तर,” ती म्हणाली. “अजाण माणसाने आधी विचारलं असतं. चिमटीत काही नव्हतं, डॉक्टर. मी गटावर लिहिते तसं. आत्ता लिहिते.”

त्यांनी सवयीने गोटूचं तोंड उघडून आत बोट फिरवलं, हलणारा दात आणखी जरा हलवला, आणि त्याला काखोटीला मारून घेऊन गेले. गोटू दारापर्यंत ओरडत होता की त्याला एकडोळ्याने बघितलंय आणि आता बाबांनाही बघितलंय.

काकू उठल्या. उठायला त्यांना वेळ लागला. “आता एक सांगा,” त्या म्हणाल्या, आणि या वेळी त्यांच्या आवाजात चेष्टा अजिबात नव्हती. “पोरगी ठेवायची की डोळा ठेवायचा? दोन्ही नाही व्हायचं. पोरांनी त्याचा राक्षस केला, ती मोकळी झाली. मी काय करू? काल गोटूने हिला बोचकारलं. मला त्याला रागावायचं होतं. नाही रागावले. म्हटलं, तुम्ही बघत असाल, तुम्हाला काय दिसेल! मी पोरांशी खेळतेय की तुमच्याशी, मलाच कळेनासं झालंय. तुमचा संशय असेल तर हिला घेऊन जा, मी एक शब्द बोलणार नाही. पण मधलं काही नको.”

भिंगरीच्या आईला म्हणायचं होतं, संशय नाही हो. पण ते खरं नव्हतं. संशय होता. तो एका वाटीत वाहून जाणारा नव्हता. उद्या सकाळी ही पोर त्या पडद्याआड जाईल आणि संध्याकाळपर्यंत तिला काहीच कळणार नाही. मग तिने बाजूचं स्टूल ओढलं, वर चढली आणि कॅमेऱ्याची वायर उपटून काढली.

खोलीत एकदम गदारोळ.

“मारलास!” चिमुरडी रडायलाच लागली. “मारलास त्याला! आता उद्या कोणाला फसवायचं?”

“तुम्ही त्याला घाबरत होता ना?” स्टुलावरून भिंगरीची आई म्हणाली.

“हो, मग!”

काकू काही मदतीला आल्या नाहीत. त्यांनी भिंगरीचे केस एका फडक्याने खसाखसा पुसले आणि इतकंच विचारलं, “मग?”

भिंगरीने फडक्यातून डोकं बाहेर काढून वर बघितलं. बराच विचार केला. “मेला नाही,” ती म्हणाली. “आंधळा झालाय.”

“मग?”

“आता तो ऐकतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरीच्या आईने लेकीला दप्तरासकट पुढच्या खोलीत सोडलं. गोटूही आला होता. त्याच्या बाबांनी थोडे दिवस बघतो असं गटावर लिहिलं होतं, आता कशाने बघणार ते लिहिलं नव्हतं. दोघं हातात हात घालून पडद्याआड गेली. काकूंनी आतून डोकं बाहेर काढलं, तोंडावर बोट ठेवलं आणि पडदा ओढून घेतला.

भिंगरीची आई बाकावर बसली. मग उठली. पडद्याजवळ गेली आणि कान दिला.

काहीच नाही. आत चार मुलं आणि एक धिप्पाड बाई, आणि सुई पडली तरी ऐकू यावी इतकी शांतता. टीव्ही नाही, गाणं नाही, रडणं नाही, पाय वाजणं नाही. आता तिला दिसतही नव्हतं आणि ऐकूही येत नव्हतं. कुठल्याही आईला विचारा, मुलं अशी गप्प झाली की पहिली शंका काय येते. तिचा हात पडद्यापर्यंत गेला. दोन बोटांत कापड धरलं. एवढासा सरकवला असता तर कुणाला कळलंही नसतं.

आतून अगदी बारीक आवाजात काकूंनी विचारलं, “गेली का रे ती?”

“नाही,” गोटू कुजबुजला. “पडद्याखालून पाय दिसतायत.”

“मग आता?”

“श्श,” भिंगरी म्हणाली. “हलायचं नाही. जाईल ती.”

भिंगरीची आई तशीच उभी राहिली. मग तिने बोटं सोडली, एक पाय मागे घेतला, मग दुसरा, आणि आवाज होऊ नये म्हणून चपला हातात घेऊन बाहेर गेली.